रुपरावचं पोट आणि माझी पत्ताकोबी

२१ नोव्हेंबर १९३४, महाल, नागपूर

रुपरावला डॉक्टरने तेल आणि तिखट बंद केलं. कायमचं. लिव्हर सुजलं म्हणे. सुजणारच. या माणसाने जन्मात भाजी खाल्ली नाही. तेल खाल्लं, आणि त्यात भाजी सापडली तर ती काठाला सारली. आमच्या नागपुरात भाजी शिजवत नाहीत, बुडवून मारतात. वर लाल तर्री तरंगली की पाहुण्याचा मान राहिला.

संध्याकाळी बघून आलो. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला. सून सत्यवती हातात पेज घेऊन उभी. म्हणाली, "काकाजी, तुमी तरी सांगा यायले. कालपासून अन्नाले शिवले नाई." मी सांगितलं. तर म्हणतो, "चंपत्या, हे धुवन पिऊन जगण्यापरीस मेलेलं बरं. यंदा हुरड्याले माह्यासाठी थांबू नको."

हुडकेश्वरला त्याच्या शेतात दरसाल आमचा हुरडा. लहानपणापासून एकही साल चुकलेलं नाही. कणसं तो भाजतो, खातो मी. कामाची वाटणी.

मूर्ख माणूस. मला काय त्याचं.

जेवण गेलं नाही. कारण वांगी.

२२ नोव्हेंबर

आंघोळ करताना उपाय सुचला. इतका सोपा, की डॉक्टरला सुचू नये यात नवल नाही. डॉक्टर लोकांना 'बंद' म्हणायला येतं. 'सुरू' काय करायचं ते विचारलं की घड्याळ पाहतात.

कामठीच्या छावणीत गोऱ्या साहेबांच्या मेसला मी ऐन उमेदीची सारी वर्षं भाजी पुरवली. कन्हानच्या काठावरच्या वाड्यांतून पत्ताकोबी भरायची, छकडा मेसच्या मागच्या दाराशी. इंग्रजी मी कुठल्या शाळेत नाही शिकलो. मेसच्या डब्यांवरची लेबलं वाचून शिकलो. तिथे एका मेजरसाहेबाचं लिव्हर असंच बिघडलं होतं. खानसामा त्याच्यासाठी रोज एक डिश करायचा. कोल-स्लॉ. कच्ची पत्ताकोबी, केसासारखी बारीक, वर व्हिनेगर. तेल नाही, चूल नाही, धूर नाही. पुढच्या हंगामात मेजर घोड्यावर.

कृती पाठ आहे. खिडकीतून पुष्कळदा पाहिली. खानसामा पाठमोरा असायचा, हे खरं. पण जाणत्याला कोपरावरून कळतं. कोपर खाली-वर, म्हणजे चिरणं. बाटली उंच, म्हणजे व्हिनेगर. मग चिमटीने पांढरं काहीतरी: मीठ. मग पुन्हा पांढरं काहीतरी: पुन्हा मीठ.

बायकोने, म्हणजे आमच्या रुखमाबाईने, विचारलं, "तुमी खाऊन पाह्यलं होतं का?" मी म्हटलं, साहेबाच्या ताटातलं आपण खातो का? त्यावर ती फक्त "मंग" म्हणाली. या बाईच्या 'मंग'पुढे माझ्या किती चांगल्या योजना आडव्या झाल्या, त्याची गणती नाही.

संकल्प: रुपराव हुरड्याला आपल्या पायांनी चालत येईल. आणि कणसं तोच भाजेल. मी भाजणार नाही. मला धूर सोसत नाही.

२४ नोव्हेंबर

सीताबर्डीला जाऊन व्हिनेगर आणलं. दुकानदार विचारतो, "लोनच्यासाठी का, काकाजी?" मी म्हटलं, ड्रेसिंगसाठी. तो म्हणाला, "मंग कापूस-पट्टी बाजूच्या दुकानात." या गावात व्यापार कोण करतं, तेच कळत नाही. तीन बाटल्या घेतल्या. पुढे अजून लागतील.

पत्ताकोबी मात्र अशी काही निवडली, की भाजीवाली घाबरली. सगळा ढीग दाबून पाहिला. ती म्हणाली, "बावा, घ्या नाई तं सोडा, ते काय लेकरू हाये का खेळवायले?" धंद्यातला माणूस तिने कधी पाहिलेलाच नाही.

२५ नोव्हेंबर, दुपारी

विळी हे अत्यंत रानटी हत्यार. खानसाम्याकडे सुरी होती. बोटाला जरा लागलं. हळद लावली. रुखमाबाई म्हणाली, "सरका, मी चिरून देतो." दिली नाही. कोपराचा ताल तिला जमणार नाही.

चिरली. पितळेच्या परातीत घातली. मीठ, व्हिनेगर, पुन्हा मीठ. मुरायला ठेवली.

त्याच दिवशी, सांज

परातीत हिरवं पाणी. वास लोखंडासारखा.

रुखमाबाई म्हणे, "सांगतलं होतं ना, परातीची कल्हई उडाली हाये. आंबट ठेवलं का कळकते. हे खाऊन तं रुपरावभाऊ हुरड्याच्या आधीच जाईन." सांगितलं असेल. ती इतकं सांगते की त्यातलं कामाचं नेमकं कोणतं, ते ओळखायला वेगळा माणूस ठेवावा लागेल. आणि तो कल्हईवाला: गरज नसताना गल्लीत बोंबलत हिंडतो, गरज लागली की पत्ता नाही.

सगळं उकिरड्यावर. परात मात्र जिथे कोबी होती तिथे आरशासारखी झाली. रुखमाबाई ती परात उन्हात धरून बराच वेळ बघत बसली. काय बघायचं त्यात? बायकांना करमणुकीला काहीही चालतं.

२६ नोव्हेंबर

चिनी मातीच्या वाडग्यात केली. उत्तम जमली. पांढरीशुभ्र, ओली, कुरकुरीत दिसणारी. चव घेतली नाही. करणाऱ्याने चव घेऊ नये. नैवेद्याला आपण आधी तोंड लावतो का?

स्वतः घेऊन गेलो. रुपरावला उठवून बसवलं. मेजरची गोष्ट सांगितली. त्याने एक चिमूट तोंडात घातली. चेहरा असा झाला की सत्यवती पाण्याचा गडू घेऊन धावली. थुंकला. म्हणाला, "चंपत्या, बकरीचा चारा मले काहून देऊन राहिला गा? आन चाऱ्याले मीठ इतकं? बकरी बी उठून पोलिसात जाईन!"

ओसरीवरचे दोघे-तिघे हसले. हसणारच. तेलाने जिभा मेलेल्या लोकांचा गाव.

मी म्हटलं, रुपराव, तू गावंढळ आहेस. तो म्हणाला, "आन तू कायचा साहेब रे? साहेबाच्या मोरीजवळचा साहेब!" हे त्याला शोभलं नाही. मी म्हटलं, तू खाटेवरून उठून माझ्या दारात येईपर्यंत तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. तो म्हणाला, "नोको लावू."

ठीक आहे.

संकल्प: बोलणार नाही. जाणार नाही. पण कोल-स्लॉ रोज जाईल. शास्त्र आहे, त्यात रागाचा संबंध नाही.

२७ नोव्हेंबर

केली. कोणाच्या हाती पाठवावी या विचारात होतो, तर रुखमाबाई आपण होऊन म्हणाली, "मी नेतो. तुमचे गुडघे दुखतेत." तिला माझ्या गुडघ्यांची आठवण झाली, म्हणजे मनावर परिणाम झाला. म्हणाली, "पण जरा चुलीपाशी ठेवून नेतो, थंडीचं हाये." मी म्हटलं, ही थंड डिश आहे! ती म्हणाली, "हाव, हाव, थंडच नेतो."

संध्याकाळी वाडगा परत आला. आत एक संत्रं.

आमच्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत, हे मला माहीत आहे. पण मूठभर तांदूळही चालले असते. संत्रं! पहिल्याच दिवशी! मी याचा अर्थ 'पास' असा घेतो.

३० नोव्हेंबर

काल वाडग्यात दोन संत्री. सेकंड क्लास.

सत्यवती विहिरीवर भेटली तेव्हा रुखमाबाईला म्हणाली म्हणे, की मामंजी आज पुरा वाडगा पुसून खाल्ले. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नंतर दोनदा विचारून खात्री करून घेतली.

जीभ सुधारायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी मेजरही थुंकला असेल. खानसाम्याच्या पाठीआड मला दिसलं नाही इतकंच.

४ डिसेंबर

घरात मुगाची डाळ संपली. महिना नुकता लागला आणि डाळ संपते! मी रुखमाबाईला हिशेबाने राहा म्हटलं. ती म्हणाली, "उंदीर झाले." उंदरांना तूर सोडून मूगच आवडतो, हेही नागपुरातच.

बाकी एक मान्य केलं पाहिजे. माझ्या टापटिपीचा तिच्यावर असर होतोय. मोरीतले लोटे, गडू, तांब्याचा हंडा, देव्हाऱ्यातली समई, सगळं चकाचक. इतक्या वर्षांत मी या घरातलं पितळ असं पाहिलं नव्हतं. भांडी घासायचा चिंचेचा गोळा मात्र फळीवर जसाच्या तसा. मी म्हटलं, काय लावतेस? म्हणाली, "मेहनत."

माणूस सुधारायला कोणतंही वय चालतं.

९ डिसेंबर, सकाळी

सहज गच्चीवर गेलो होतो. ऊन घ्यायला. तिथून रुपरावचं अंगण दिसतं, हा योगायोग. खाट अंगणात आणली आहे. तो बसलेला. बसलेला! पाय खाली सोडून. सत्यवतीला काहीतरी बोलून राहिला होता आणि ती हसत होती.

पायांची सूज उतरलेली दिसली. इतक्या लांबून नक्की सांगता येत नाही. दुपारी पुन्हा ऊन घेतलं.

त्याने वर पाहिलं तेव्हा मी कावळा हाकलत होतो.

१५ डिसेंबर

ही गोष्ट एकट्या रुपरावपुरती ठेवणं म्हणजे जनतेवर अन्याय. वाचनालयाच्या महादेवरावांना भेटलो. म्हटलं, संक्रांतीच्या कार्यक्रमात माझं व्याख्यान ठेवा: 'शीत-भाजी व नागपूरकरांचे लिव्हर'. ते सेक्रेटरी आहेत. म्हणजे चाव्या त्यांच्याकडे असतात, बाकी काही नाही. म्हणाले, "ठेवू ना! कीर्तनानंतर ठेवू." कीर्तनानंतर लोक तिळगूळ घेऊन पळतात, हे मला माहीत आहे. मी म्हटलं, आधी ठेवा. ते म्हणाले, "काकाजी, मंग कीर्तनाले कोन येईन?" यात स्तुती होती की काय, नीट कळलं नाही. स्तुतीच धरली.

व्याख्यानात तेलावर जोरदार हल्ला चढवायचा. रुपरावला पहिल्या रांगेत बसवायचं. बोट दाखवायचं. त्याला उठून उभं राहायला सांगायचं.

माफी मागितली तर ऐकून घेईन. सभेनंतर.

२० डिसेंबर

वाडग्यात तिळाचे लाडू. फर्स्ट क्लास.

रुखमाबाई वाडगा घेऊन जाते ती तासभर येत नाही. मी म्हटलं, तुला इतका वेळ कशाला लागतो? म्हणाली, "खाऊ घालून येतो." मी म्हटलं, त्याला हात नाहीत का? ती म्हणाली, "तुमी नाई जात, मंग कोनी तं बसाव लागते ना जवळ." आणि आत निघून गेली. भांडी घासायला.

बोलण्यात काहीतरी खोच होती. पण मी शपथ घेतलेली आहे. शपथ म्हणजे शपथ. तो येईल. मी का जाऊ?

व्हिनेगर संपलं. पुन्हा बर्डी. दुकानदार म्हणतो, "काकाजी, जखम मोठी दिसते." या माणसाशी बोलणंच सोडलं.

२८ डिसेंबर

आज थंडीने बोटं वाकत नव्हती. तरी बारीक चिरली. रुखमाबाई म्हणाली, "आज राहू द्या, कालचं हाये थोडं." मी म्हटलं, कालचं कसं असेल? वाडगा तर रिकामा करून संत्री घालून आला! ती गडबडली. म्हणाली, "हाव, खरंच गं बाई." वय झालं तिचं. संकल्प: तिच्यावर ओरडणं कमी करायचं. मुगाची डाळ पुन्हा संपली, तरी बोललो नाही.

२ जानेवारी १९३५, सायंकाळी

आला.

दारात काठी टेकून उभा. अंगावर घोंगडं, गाल बसलेले, पण उभा. मी पेपर वाचत होतो. पेपर उलटा होता असं रुखमाबाई म्हणते. तिला वाचता येत नाही.

म्हणाला, "चंपत्या, येत्या इतवारी हुरडा. येशीन का साहेबाले इचारून?"

मी म्हटलं, पाहू. कामं आहेत.

तो म्हणाला, "मंग कामं घेऊनच ये."

बसला नाही. कोपऱ्यापर्यंत पोहोचवायला गेलो. रस्ता खराब आहे म्हणून. माफी मागितली नाही, मीही आठवण दिली नाही. धूळ फार होती, डोळ्यांत गेली.

विजय पूर्ण. व्याख्यानाच्या शेवटी हा प्रसंग घालावा.

६ जानेवारी, हुडकेश्वरहून परत

हुरडा झाला. रुपरावनेच भाजला. छकड्यातून उतरून शेकोटीपर्यंत चालत गेला. गोवऱ्यांचा धूर, गरम कणसं तळहातावर चोळून काढलेले हिरवे दाणे, बाकीच्यांना लाल चटणी, त्याला नुसतं मीठ. शेतावरची मंडळी, सत्यवती, रुखमाबाई, महादेवरावही आले होते. मी महादेवरावांना मुद्दाम पुढे बसवलं. म्हटलं, रुपराव, सांग यांना तू कशाने उठला ते.

रुपरावने भाजलेलं कणीस खाली ठेवलं. म्हणाला, "सांगतो ना. या चंपत्यानं पह्यले मले चारा आनला. म्या त्याले बोललो, ते बी खूप बोललो. दुसरा असता तं फिरकला नसता. यानं काय केलं? दुसऱ्याच दिवसापासून रीतच बदलली. पत्ताकोबी मऊ शिजोली, संग मुगाची डाळ, भाजलेलं जिरं, वरून लिंबू. तेलाचा थेंब नाई, तरी असं पोटाले लागे! घास घेतला का आतून गरम होये. बापहो, मी खाल्लं आन बसलो. खाल्लं आन उठलो."

महादेवरावांनी खिशातून पेन्सिल काढली. म्हणाले, "काकाजी, डाळ किती घेता? आधी भिजवता का?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

मी बायकांच्या बाजूला पाहिलं. रुखमाबाई कणीस चोळत होती. मान खाली. पदर तोंडात धरलेला. खांदे हलत होते. शेजारी सत्यवतीने तर तोंडच फिरवलं होतं.

मी म्हटलं, ते व्याख्यानात सांगीन.

रुपराव म्हणाला, "सांग ना गा, भाव कायले खातो?" आणि सगळ्यात चांगलं भाजलेलं कणीस माझ्या हातावर ठेवलं. गरम होतं. पुष्कळ वेळ धरून बसलो.

घरी आलो तेव्हा दिवा लावल्याबरोबर मोरीतलं सगळं पितळ एकदम चमकलं. दारात उभा राहून बघितलं. फळीवर चिंचेचा गोळा बघितला.

७ जानेवारी, सकाळी

विचारलं.

तिने झाडू थांबवला नाही. म्हणाली, "रुपरावभाऊ थुंकले, त्याच दिवशी मी चाखून पाह्यलं होतं. बिमार मानसाले ते देववलं नाई. मंग चिरून उरलेल्या कोबीले डाळ लावली. आन तुमचं इतक्या मेहनतीचं फेकू कसं? लोट्याले घासून पाह्यलं. चिंचेपरीस लय बेस निघते."

मी म्हटलं, मला सांगायचं होतंस.

"रोज सकाळी इतक्या हौसेनं बसत होते, कसं सांगू? आन रुपरावभाऊ वाडगा पुढे ठेवला का पह्यले इचारे, चंपत्यानं पाठोलं का? हाव म्हटलं तवाच घास घे. एक दिवस म्या चुकून म्हटलं, मी केलं, तं तोंड फिरवून बसले. मंग कोनाच्या नावानं देऊ?"

झाडत पुढे गेली.

वाडग्यात कालच्या सकाळची कोबी उरली होती. चाखली. आयुष्यात पहिल्यांदा.

ते दुसरं पांढरं साखर असावी.

पहिलंही कदाचित.

महादेवरावांना निरोप पाठवला: घसा बसला आहे, व्याख्यान रद्द. त्यांनी उलट निरोप दिला की काही हरकत नाही, डाळीची कृती तेवढी पाठवा. पाठवीन. रुखमाबाईकडून समजून घेऊन. तिने सांगितली तर.

त्याच दिवशी, दुपारी

रुखमाबाई म्हणाली, संक्रांत आली, मोठं घंगाळ तेवढं काळं राहिलं हाये. आज जरा जास्त करा.

विळी घेऊन बसलो. बारीकच चिरली. मीठ दोनदा टाकलं.